सात गुण आणि सव्वीस मीटर: मोटारसायकल क्लासचे दोन दिवस

मोटारसायकल चालवायच्या क्लासला नाव नोंदवल्यावर क्लासवाल्यांनी व्हॉट्सॲपवर एक फॉर्म पाठवला. त्यातला सहावा प्रश्न होता, 'गाडी चालवण्यात स्वतःला दहापैकी किती गुण द्याल?' मी सात लिहिले. मनात नऊ होते. पण नऊ लिहिले तर वाचणारा म्हणेल हा फुशारक्या मारतोय, म्हणून दोन कापले, आणि ते दोन कापले म्हणून आपण नम्र आहोत असंही मला वाटलं. माझी निम्मी फी या एका प्रश्नातच वसूल झाली. कशी, ते पुढे येईल.

मी फलटण तालुक्यात गुरांचा डॉक्टर आहे. परवाना १९९९चा. रोज साठ-सत्तर किलोमीटर दुचाकीवर होतात: वाड्या, वस्त्या, कॅनॉलकडेचे रस्ते, रात्री दोन वाजता अडलेली गाय. पंचवीस वर्षांचे पाच लाख किलोमीटर तरी झाले असतील. सध्याची गाडी २०१७ची युनिकॉर्न, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. आमच्याकडे कोणी म्हणालं, 'डॉक्टर, गाडी लई भारी चालवता,' की मी म्हणायचो, 'छे, आपलं साधंच.' हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं होतं की त्याच्या खाली काय दडलंय हे कधी पाहिलंच नव्हतं.

गेल्या जानेवारीत संध्याकाळी साडेसहाला तरडगावच्या अलीकडे उसाच्या दोन ट्रॉल्या रस्त्यातच उभ्या होत्या. मागे रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही. मी मागचा ब्रेक सगळी ताकद लावून दाबला, चाक जाम झालं, गाडी आडवी झाली आणि मी घसरत जाऊन ट्रॉलीच्या टायरपासून हातभर अंतरावर थांबलो. हेल्मेट होतं. डावं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. गाय गाभण आहे की नाही हे मी डाव्या हाताने तपासतो, त्यामुळे ते सहा आठवडे माझा निम्मा धंदा बंद होता. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगितलं, रस्त्यावर वाळू होती. ट्रॉलीवाल्याची चूक होतीच, ती आजही मी सोडत नाही. पण वाळू होती का? त्या वेळी मला खात्रीने वाटत होतं की होती.

क्लास शोधला माझ्या पुतण्याने. तो इंजिनीअर, पुण्यात नोकरी करतो, ३५० सीसीची गाडी घेऊन त्याला वर्ष झालंय. 'काका, तुम्ही पण चला,' म्हणाला. मी त्याच्याकडे लक्ष ठेवायला म्हणून गेलो. संस्थेचं नाव इथे देत नाही, कारण काही तक्रारी आहेत आणि त्या मी त्यांना वेगळ्या कळवल्या आहेत. असे क्लास आता बऱ्याच ठिकाणी निघालेत. कुठल्याही क्लासला जाताना काय बघावं एवढं यातून कळलं तरी पुरे.

तळेगावच्या पुढे एका गोदामामागचं डांबरी मैदान, शनिवार-रविवार, फी साडेसहा हजार, त्यात दोन वेळचा चहा आणि दुपारचं जेवण. जेवण साधं आणि गरम होतं. सावली कमी, प्यायचं पाणी भरपूर. स्वच्छतागृह एकच, आणि आमच्यात तीन महिला होत्या, तिथे त्यांनी सुधारणा करायला हवी. पंधरा विद्यार्थी, शिकवायला एक पन्नाशीचे सर आणि त्यांची सहाय्यक, वय असेल सव्वीस-सत्तावीस.

पहिली सकाळ सगळी हळू चालवण्यात गेली. चालण्याच्या वेगाने शंकूंच्या मधून जायचं, दोन पट्ट्यांच्या आत पूर्ण हँडल वळवून यू टर्न घ्यायचा, पाय टेकवायचा नाही. गणपतीत मंडळाच्या हळू सायकल चालवण्याच्या स्पर्धेत मी दोनदा पहिला आलो होतो, त्यामुळे हे आपलंच मैदान असं वाटलं. पहिल्या यू टर्नला पाय टेकला, दुसऱ्याला पट्टीबाहेर गेलो, तिसऱ्याला शंकू पाडला. मी म्हणालो, गाडी लांब आहे, टायर झिजलाय. त्या सहाय्यक मुलीने शांतपणे हात पुढे केला आणि किल्ली मागितली. माझ्याच गाडीवर, त्याच झिजलेल्या टायरवर, तिने त्या दोन पट्ट्यांत सलग चार वेळा आठचा आकडा काढला. हाफ क्लच धरलेला, मागचा ब्रेक किंचित ओढून धरलेला, आणि मान पूर्ण वळवून नजर जिकडे जायचंय तिकडे. मी पुढच्या चाकाकडे बघत होतो. किल्ली परत देताना ती एवढंच म्हणाली, 'गाडी चांगली आहे डॉक्टर, क्लचची केबल तेवढी बदला.'

पण मला लिहायचंय ते दुपारबद्दल. दुपारी ब्रेक.

त्यांनी डांबरावर चुन्याची रेघ मारली होती. पन्नासच्या वेगाने यायचं, रेघेवर ब्रेक दाबायचा, जिथे थांबू तिथे टेप लावून अंतर मोजायचं आणि फळ्यावर नावापुढे लिहायचं. माझ्या नावापुढे लिहिलं गेलं २६ मीटर. पुतण्याला २१. त्याच्या गाडीला एबीएस आहे, पण तो ब्रेकचा लिव्हर पुरेसा दाबतच नव्हता. मागे वळून बघितलं तर माझ्या मागे डांबरावर रबराची काळी रेघ उमटलेली होती, सरळ निघून शेवटी डावीकडे वळलेली. सर खाली बसले, त्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले, 'हे मागचं चाक. पुढच्या चाकाची खूणच नाही. डॉक्टर, पुढचा ब्रेक वापरता का तुम्ही?'

मी वापरत नव्हतो. गर्दीत, सिग्नलला, वेग कमी करायला बोटं लावायचो, पण जोरात थांबायची वेळ आली की माझा उजवा पाय दाबायचा आणि हात तसाच राहायचा. वडिलांनी मला त्यांच्या राजदूतवर शिकवलं तेव्हा पहिला धडा हाच होता: पुढचा ब्रेक दाबला की माणूस पालथा पडतो. पंचवीस वर्षांत हा धडा तपासायची वेळ आली नाही. परवान्याच्या चाचणीत आठ काढला होता, जोरात थांबून दाखव असं कोणी म्हटलं नव्हतं. त्या मैदानावर उन्हात उभा राहून मला तरडगावचा रस्ता दिसला आणि कळलं की वाळू नव्हती. तिथेही अशीच एक काळी रेघ असणार.

सरांनी समजावलं ते माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. पळतं जनावर एकदम थांबलं की सगळा भार पुढच्या पायांवर येतो, मागचे पाय जवळजवळ उचलले जातात. गाडीचंही तसंच. भार पुढे गेला की मागच्या चाकाला रस्त्यावर पकडच उरत नाही, ते लगेच जाम होतं. थांबवण्याची खरी ताकद पुढच्या चाकात असते, फक्त ती एकदम झडप घालून मागायची नाही. आधी लिव्हर हलकेच घ्यायचा, पुढचे शॉकॲब्सॉर्बर बसू द्यायचे, भार पुढे आला की मग दाबत न्यायचं. 'लिंबू पिळतो तसं,' ते म्हणाले. हा सगळा खेळ सेकंदाच्या आतला. संध्याकाळपर्यंत मी बावीस वेळा त्या रेघेवरून गेलो. शेवटचे तीन आकडे १७, १६ आणि साडेपंधरा.

पुतण्याने रात्री हिशेब करून दाखवला तो मी वहीत लिहून ठेवलाय. आता जिथे माझी गाडी उभी राहते, साडेपंधरा मीटरवर, तिथे माझ्या जुन्या पद्धतीने मी अजून ताशी ३२ किलोमीटरने जात असतो. ३२ने ट्रॉलीच्या लोखंडावर. शिवाय धोका दिसून हात हलेपर्यंत एक सेकंद गेला तर त्यात पन्नासच्या वेगाने जवळपास चौदा मीटर आधीच संपलेले असतात.

सरांनी एका जुन्या अभ्यासाचा उल्लेख केला, घरी येऊन मी त्याबद्दल वाचलं. हॅरी हर्ट नावाच्या संशोधकाने लॉस एंजेलिस भागातल्या ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली होती, अहवाल १९८१चा. त्यात मला मीच सापडलो. अपघातातले बहुतेक चालक मागचा ब्रेक जास्त दाबून चाक घसरवतात आणि पुढचा कमी वापरतात. ९२ टक्के चालक कुठल्याही रीतसर प्रशिक्षणाशिवाय, स्वतः किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. आणि धोका दिसल्यापासून धडकेपर्यंत चालकाला मिळणारा वेळ साधारण दोन सेकंदांहूनही कमी. आपल्याकडे १ एप्रिल २०१९पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं ते यासाठीच, आणि ते फार चांगलं झालं. पण आमच्या तालुक्यात अजून निम्म्याहून जास्त गाड्या माझ्यासारख्या आधीच्या असतील. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची. मी हे आकडे सहज लिहू शकत नाही. त्यातले काही आमच्या गावचे होते.

आता त्या सहाव्या प्रश्नाकडे येतो. रविवारी सकाळी चहाच्या वेळी त्या मुलीने सगळ्यांचे फॉर्म काढले, नावं न घेता आकडे वाचले. पंधरापैकी नऊ जणांनी सात लिहिले होते. सात! कोणी कोणाला विचारलं नव्हतं. ती म्हणाली, प्रत्येक बॅचला सातच जास्त येतात. सरांनी विचारलं, सात म्हणजे काय? बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मी बोललो. सात म्हणजे मला उत्तम येतं, पण तसं म्हणणं बरं दिसत नाही. दोन-तीन माना हलल्या.

ओला स्वेनसन या स्वीडिश संशोधकाने, तेही योगायोगाने १९८१लाच, अमेरिका आणि स्वीडनमधल्या विद्यार्थ्यांना त्यांच्या मोटार चालवण्याबद्दल विचारलं होतं. कौशल्याच्या बाबतीत आपण वरच्या निम्म्यात आहोत असं अमेरिकेतल्या ९३ टक्के आणि स्वीडनमधल्या ६९ टक्के लोकांना वाटत होतं. सगळेच वरच्या निम्म्यात कसे मावतील? ती माणसं निदान उघड बोलली. आपल्याकडे तोंडाने मिरवायची पद्धत नाही, म्हणून आपण सात लिहितो, 'आपलं साधंच' म्हणतो, आणि मनातला नऊ तसाच शाबूत राहतो. उलट तोंडाने नम्र राहिल्यामुळे त्या नऊकडे कोणी बोट दाखवत नाही, आपणही नाही. तोंडाची नम्रता मला लहानपणापासून शिकवली गेली. हाताची नम्रता, म्हणजे आपला हात खरोखर काय करतो ते मोजून बघणं, ती मला त्या चुन्याच्या रेघेवर पहिल्यांदा भेटली.

एक फॉर्म वेगळा होता. जुन्नरकडच्या एका शिक्षिका स्प्लेंडरवर आल्या होत्या, त्यांनी तीन लिहिले होते. सगळ्यांना वाटलं, चला, एक तरी खरी नम्र. पण ब्रेकच्या चाचणीत त्या ३० मीटरवर थांबल्या होत्या, माझ्याहून मागे. आपल्याला येत नाही हे मनात इतकं पक्कं, की लिव्हर पुरता दाबायची हिंमतच होत नव्हती. हळू चालवण्यात मात्र त्या आमच्यातल्या दहा-बारा जणांच्या पुढे होत्या, आणि हे त्यांना माहीतच नव्हतं. सर त्यांना म्हणाले, 'मॅडम, तुमचा तीनही खोटा आहे.' हे वाक्य मला फार पटलं. घरात, शाळेत, रस्त्यावर बाईमाणसाला गाडी येत नाही असं ऐकत गेलं की हात बिचकतो, आणि बिचकलेला हात वेळेला कामाचा नाही. रविवारी त्या १८ मीटरवर आल्या तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

रविवारचा विषय वळणं. उजवीकडे वळायचं तर उजवं हँडल पुढे ढकलायचं, म्हणजे चाक क्षणभर डावीकडे जातं, गाडी उजवीकडे कलते आणि वळते. मी ठाम म्हणालो की मी असं करत नाही. सरांनी सरळ रेषेत चाळीसच्या वेगाने जाऊन उजव्या तळव्याने हलकेच ढकलायला लावलं, आणि गाडी उजवीकडेच गेली. पाच लाख किलोमीटर माझे हात हे करत होते आणि मला पत्ता नव्हता. विमान बनवणारा विल्बर राइट मुळात सायकलवाला. त्यानेही डझनावारी सायकलस्वारांना विचारून हेच नोंदवलं होतं, की डावीकडे कसं वळता याचं पूर्ण बरोबर उत्तर पहिल्या झटक्यात कोणीच देत नाही. अडचणीत, वळण अचानक आवळलं की हे माहीत असलेला माणूस आणखी ढकलतो. माहीत नसलेला ताठरतो, समोरच्या कठड्याकडे बघतो आणि जिकडे बघतो तिकडेच जातो.

आता तक्रारी. रविवारी दुपारी दुसऱ्या एका बॅचचे नऊ जण आमच्यात घातले. चोवीस माणसं, शिकवणारे दोनच. वळणाच्या सरावाला माझे जेमतेम तीन फेरे झाले, बाकी वेळ रांगेत. ज्या विषयासाठी लोक सर्वांत जास्त पैसे मोजतात, तिथेच कमी मिळालं. दुसरं, सगळा सराव कोरड्या, झाडलेल्या डांबरावर आणि एकट्याने. माझ्या कॅरिअरला कृत्रिम रेतनासाठी लागणारा नायट्रोजनचा कंटेनर असतो, कोणाच्या मागे बायको आणि मांडीवर पोर, कोणाच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्यावर चिखल आणि पाचट पसरतं. यातलं एकही त्यांच्या अभ्यासक्रमात नाही. डबलसीट आणि ओझ्यासह ब्रेक लावणं हे निदान अर्धा तास तरी हवं.

तिसरी तक्रार सर्वांत गंभीर. शेवटी प्रत्येकाला लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र दिलं, त्यावर ठळक अक्षरांत 'ॲडव्हान्स्ड रायडर'. दोन दिवस टेपने मोजून जी समज दिली ती या एका कागदाने मातीत घातली. परत येताना दिवेघाट चढताना पुतण्या माझ्या पुढे निघून गेला, पूर्वी तो असा जात नव्हता. सासवडला चहाला थांबलो तेव्हा मी विचारलं. तो म्हणाला, 'काका, आता येतं ना.' नॉर्वेत नव्या चालकांना घसरड्या रस्त्यावर गाडी सावरायचं शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा तरुण पुरुषांचे अपघात घटायच्या ऐवजी वाढल्याचं तिथल्या अभ्यासात दिसलं होतं. सावरता येतं असं वाटलं की माणूस वेग वाढवतो. मी संस्थेला लिहिलंय की कागदावर फक्त दोन आकडे छापा, पहिल्या दिवशी किती मीटर आणि शेवटच्या दिवशी किती. त्यांचं उत्तर आलं, विचार करू म्हणालेत.

एवढ्यासह माझे पाचापैकी चार. जायचं असेल तर स्वतःची रोजची गाडी घेऊन जा, त्यांच्या भाड्याच्या गाडीवर शिकू नका. आधी ब्रेक, टायरमधली हवा आणि क्लचची केबल बघून घ्या. हातमोजे आणि घोट्याच्या वर येणारे बूट त्यांनी सक्तीचे केलेत, ते योग्यच आहे. बुकिंग करताना विचारा: बॅचमध्ये किती जण, शिकवणारे किती, आणि अंतर मोजून लिहून देता का. मोजत नसतील तर त्या क्लासला जाऊ नका.

घरी आल्यावर वडिलांना सगळं सांगितलं. ते आता सत्याहत्तर वर्षांचे. मला भीती होती की त्यांना वाईट वाटेल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'अरे, तेव्हा इथून लोणंदपर्यंत नुसती खडी होती. खडीवर पुढचा दाबला की पडायचाच माणूस. आणि राजदूतला पुढचा धरायचाही नाही नीट. डांबर झालं तेव्हा मी सांगायला हवं होतं, राहून गेलं.'

मंगळवारी सकाळी बाजार समितीचं आवार रिकामं असतं. तिथे मी दोन विटा ठेवून पंधरा मिनिटं सराव करतो. चांगल्या दिवशी सोळा मीटर, कंटेनर मागे बांधला की अजूनही एकोणीसच. पुढची बॅच ऑक्टोबरात आहे, कारखान्याची मोळी पडायच्या, म्हणजे उसाचं गाळप सुरू व्हायच्या आत. मी दोन जागा धरल्यात. एक माझी, वळणं राहिलीत म्हणून. दुसरी आमच्या दवाखान्यातल्या मदतनीस पोराची. गाडी त्याला मीच शिकवली, आणि पुढचा ब्रेक दाबू नको हे मीच सांगितलं होतं.